हेल्मेट घालून गाई-गाई

जळगावच्या मेहरूणमध्ये मोटारसायकलवर हेल्मेट घातलेला माणूस दिसला, तर तो बाहेरगावचा असावा असं आम्ही खुशाल धरून चालतो. इथल्या माणसाचं हेल्मेट गाडीच्या आरशाला लटकलेलं असतं. अजिंठा चौफुलीवर पोलीस दिसला की ते डोक्यावर चढतं, चौफुली मागे पडली की पुन्हा आरशाला. अशा आमच्या गल्लीत शेजारच्या आक्कांचा सहा महिन्यांचा नातू पुण्याहून आला, तो झोपेतसुद्धा हेल्मेट घालून! मग काय विचारता. पोरगं आईच्या हातून पडलं असणार, हे पहिलं मत. डोक्याचं ऑपरेशन झालंय पण हे लोक सांगत नाहीत, हे दुसरं. पुण्यात आताशा अशीच फॅशन आहे, हे तिसरं. आणि समोरच्या निवृत्त गुरुजींनी ठामपणे सांगितलं की रांगताना टेबलाचा कोपरा लागू नये म्हणून ही सोय आहे. पोरगं अजून धड बसतही नाही, हे त्यांना कोणी सांगायचं?

एवढी चर्चा झाली, पण आक्कांना तोंडावर कोणी विचारेना. सगळ्या मला विचारायच्या, कारण आक्कांच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी भिंतच काय ती आड. शेवटी मी कोपर टेकवून विचारून टाकलं, “आक्का, भैय्याला काय झालंय हो?”

“काही नाही झालं व माय!” आक्का खाटेवर लुगडं अंथरून बिबडे थापत होत्या. हात पिठात, मान माझ्याकडे. “डोकं मागून एका अंगानं चपटं झालं व्हतं. ते गोल व्हायसाठी हाये ते टोपडं. पन सांगू कोनाकोनाले? काल तलावावर फिरायले नेलं, तर जो भेटला तो इचारे, पोरगं गाडीवरून पडलं का? मी बी सांगून दिलं, हो भाऊ, ईमानातून पडलं!”

आतून सूनबाई हसत बाहेर आली. भैय्या कडेवर. निळं, वाटीच्या आकाराचं, कानांना खिडक्या ठेवलेलं हेल्मेट. कपाळावर भुवयांच्या जरा वर संपणारं. मी हातात घेऊन पाहिलं नव्हतं तोवर मला ते दगडासारखं जड वाटत होतं. प्रत्यक्षात वजन पाव किलोच्या आसपास. बाहेरून कडक प्लास्टिक, आतून मऊ फोम.

तिनं सांगितलेली हकीकत अशी. भैय्या जन्मापासून मान उजवीकडेच टाकायचा. डावीकडे वळवली की कुरकुर. मानेचा एक स्नायू आखडलेला होता, हे उशिरा लक्षात आलं. डोकं सतत त्याच जागी टेकलेलं, त्यामुळे उजवी बाजू मागून सपाट झाली, उजवा कान जरासा पुढे सरकला, कपाळही त्याच बाजूनं पुढे आलं. समोरून पाहिलं तर काही कळायचं नाही. आंघोळ घालताना वरून पाहिलं की डोकं तिरकं दिसायचं.

“गंगाफळ पाह्यलं ना वैनी येलीवर?” आक्का म्हणाल्या. “जी बाजू भुईले टेकते, ती चपटी. उलथं-पालथं करत राह्यलं तरच गोल येतं.”

आक्कांनी एका वाक्यात सगळा रोग सांगितला. तान्ह्याची कवटी म्हणजे एकसंध हाड नव्हे. तिचे तुकडे शिवणींनी जोडलेले असतात आणि मऊ असतात. पहिल्या वर्षात मेंदू झपाट्यानं वाढतो आणि कवटीला आतून ढकलतो. जिथं दाब, तिथं वाढ अडते.

“पण पूर्वी कुठं होती अशी चपटी डोकी?” मी विचारलं.

“व्हती की. कोन पाह्यत व्हतं?” आक्का म्हणाल्या. “पन एवढी नव्हती, हे खरं हाये.”

त्यालाही कारण आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ साली सांगितलं की तान्ह्या बाळांना पालथं झोपवू नका. दोन वर्षांनी तिथं त्याची देशभर मोहीम झाली. त्याआधी अनेक मुलं पालथी झोपवली जात आणि त्यातली काही झोपेतच, कोणतंही कारण न सापडता दगावत. पाठीवर झोपवायला लागल्यावर तिथं असे मृत्यू काही वर्षांत निम्म्यावर आले. डोकी मात्र मागून सपाट होऊ लागली. सौदा फायद्याचाच म्हणायचा. डोकं पुढे सुधारता येतं. म्हणून आज कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा, तो हेच सांगेल की डोकं चपटं झालं तरी झोपवायचं पाठीवरच. पालथं घालायचं ते बाळ जागं असताना, आपण समोर बसलेलो असताना.

आक्कांनी मात्र आधीच उपाय करून ठेवला होता. राईची उशी! मलमलची खोळ, आत निवडून पाखडलेली राई, वर चेनटाका. सूनबाईनं ती घेतली, कपाटात ठेवली आणि वापरलीच नाही. त्यावरून सासू-सुनेत जे झालं, ते भिंतीच्या अलीकडे मला अर्धंच ऐकू आलं. पण बाजू सुनेची बरोबर होती. पहिल्या वर्षात बाळाच्या डोक्याखाली कसलीच उशी नको, राईचीही नको. तोंड उशीत रुतलं, तर तान्ह्या जिवाला मान फिरवून श्वास मोकळा करता येत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ च्या नोव्हेंबरात डोकं गोल करणाऱ्या उशांबद्दल आईबापांना उघड इशारा दिला होता. त्यांच्या उशा कंपन्यांच्या, आपली घरची, धोका तोच.

“मंग आम्ही पाच पोरं काय उगाच वाढवली?” आक्का अजूनही म्हणतात. पण आवाज आता पूर्वीइतका चढा लागत नाही.

हेल्मेट काही पहिल्या भेटीत दिलं नाही. आधी डॉक्टरांनी कवटीच्या शिवणी वेळेआधी बुजल्या नाहीत ना, हे तपासलं. तसं असतं तर तो वेगळा आजार, आणि त्याला बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते. नुसतं हेल्मेट घालून भागत नाही. मग मानेचे व्यायाम, जागेपणी पालथं घालणं, पाळण्यात डोक्या-पायाची दिशा बदलणं, खुळखुळा डावीकडे वाजवणं, हे सगळं दोनेक महिने झालं. मान सुटली, डोकं मात्र पुरेसं भरलं नाही. तेव्हा हेल्मेट. मशीननं डोक्याचा आकार टिपून त्या मापानं ते बनवतात. लोकांना वाटतं, ते डोकं दाबतं. तसं नाही. जिथं डोकं पुढे आलंय तिथं ते नुसतं टेकून राहतं आणि जिथं सपाट आहे तिथं आत पोकळी ठेवतं. वाढणारं डोकं त्या पोकळीत शिरतं. म्हणूनच चार ते बारा महिन्यांचं वय महत्त्वाचं. वाढ मंदावली की हेल्मेट काय करणार? दर पंधरवड्याला वगैरे दवाखान्यात जाऊन आतला फोम कमी-जास्त करून घ्यावा लागतो. म्हणून तर ही मंडळी दोन तारखांच्या मधल्या दिवसांत जळगावला येऊन गेली.

आता खरी गंमत. हे टोपडं दिवसाचे २३ तास घालायचं. म्हणजे झोपेतही. गल्लीचा जीव अडकला होता तो इथंच: झोपतं कसं पोरगं?

“पोरगं झोपतं,” सूनबाई म्हणाली. “काकू, बाकीचे झोपत नाहीत.”

पुण्यात सुरुवातीचे दिवस सवयीचे होते. आधी तासभर घालायचं, तासभर काढायचं, कातडी पाहायची. मग वेळ वाढवत न्यायचा, डुलकी हेल्मेटमध्ये, आणि मग रात्र. प्रत्येक दवाखान्याचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, पण चार-सहा दिवसांत पूर्ण वेळेवर आणतात. काढल्यावर कातडीवर लाली दिसते. ती तासाभरात गेली तर काळजी नाही. राहिली, तर फोन करायचा, फिटिंग बदलून घ्यायचं. अंगात ताप असला की हेल्मेट उतरवायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. भैय्यानं सुरुवातीच्या रात्री कुरकुर केली आणि मग तो निवांत झोपायला लागला. इथं आल्यावर आक्कांची मात्र झोप उडाली. पोरानं मान वळवली की हेल्मेट पाळण्याच्या गजाला लागायचं, टक्! आणि आक्का दचकून उठायच्या. “आत पोरगं, बाहेर टक्-टक्. मले वाटे, कोन्ही दार वाजवून राह्यलं.” गजाला उशा लावायचं त्यांनी सुचवलं, तर सूनबाईनं तेही नाकारलं, पाळण्यात सैल काही ठेवायचंच नाही. शेवटी आक्कांनीच आपली खाट दुसऱ्या खोलीत हलवली.

सूनबाईनं मला हळूच आणखी एक गोष्ट सांगितली. हेल्मेटच्या आधीचे महिने तिनं रात्र-रात्र जागून काढले होते. भैय्यानं मान उजवीकडे टाकली की उठायचं, हळूच डावीकडे वळवायची, पाच मिनिटांत तो पुन्हा उजवीकडे. हेल्मेट आल्यावर ते पहारे संपले. डोक्याचा भार कवचावर पडतो, सपाट जागेवर नाही. त्यानं मान कुठंही टाकावी. “मला तर हेल्मेटनं झोप दिली,” ती म्हणाली. गल्लीत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

अडलं ते वेगळ्याच जागी. आमच्याकडे पोरगं झोपवायचं म्हणजे डोक्यावरून हात फिरवायचा. आक्कांची बोटं त्यात पटाईत; नखं न लावता केसांत नुसती फिरवली की दोन मिनिटांत पोरगं गार. आता हात फिरवायचा तर प्लास्टिकवर! दोन दिवस सगळे हात बांधल्यासारखे बसले. तोडगा काढला तो भैय्याच्या आजोबांनी, आबांनी, ज्यांनी आपल्या पाच पोरांतलं एकही कधी झोपवलं नव्हतं. मी भिंतीवरून पाहिलं. रात्री नऊची वेळ, ओसरीवर झिरो बल्ब, पाळण्याच्या पायथ्याशी आबा मांडी घालून. भैय्याचा एक तळवा त्यांच्या हाताच्या पंज्यात. अंगठा टाचेवरून निघायचा, पायाच्या खळग्यात जरा रेंगाळायचा, बोटांच्या मुळाशी थांबायचा आणि न उचलता मागे यायचा. तोंडानं अंगाई नाही. बाजारातले केळीचे भाव पुटपुटत होते. भैय्या आधी पाय झाडायचा, मग बोटं पसरायचा, मग ती बोटं हळूहळू मिटायची. आबांनी तेवढ्यावर थांबायचं नाही, दुसरा तळवा घ्यायचा. दुसऱ्या पायाला भैय्याचे डोळे मिटलेले.

“केयीचे भाव ऐकून कोन्हीबी झोपीन,” आक्का फणकाऱ्यानं म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्याही पायाशीच बसलेल्या.

बाकीचं सूनबाईचं शिस्तीचं काम. रोज तोच क्रम: अंग पुसणं, हेल्मेट घालणं, पाजणं, दिवा मंद. हेल्मेट पेंग येण्याआधी चढवायचं; झोपलेल्या पोराला चढवायला गेलं की झोप गेलीच. पाजताना कडा आईच्या दंडाला रुततात, म्हणून तिथं घडी घातलेलं मऊ फडकं. झोळी बंद. आबांनी हौसेनं कडी ठोकून ठेवली होती, पण झोळीत बाळ दुमडतं आणि हनुवटी छातीवर येते. श्वासाला ते बरं नाही. त्यापेक्षा सपाट, टणक गादी, गादीला घट्ट बसणारी चादर, बस्स. भैय्या आता स्वतःहून कुशीवर किंवा पालथा होतो आणि परतही येतो. तो रात्री वळला तर वळू द्यायचं, पण ठेवताना पाठीवरच ठेवायचं.

आणि वर जळगावचा उन्हाळा! पारा ४४ वर. मोठ्या माणसाला डोक्यावर रुमाल सहन होत नाही, तिथं हे कवच. पहिल्या आठवड्यात घाम जास्तच येतो, मग बाळाचं शरीर जुळवून घेतं. कूलरचा झोत थेट अंगावर नको, पण खोली गार हवी. अंगात सुती झबलं एवढंच; दुपटं नाही, हेल्मेटखाली टोपडं तर नाहीच. उकडतंय का ते हाता-पायांवरून कळत नाही. मानेच्या मागे दोन बोटं घालून पाहायचं. ओलसर लागलं की कपडे कमी, हवा जास्त. लाईट गेली की आक्का वाळ्याचा पंखा घेऊन बसायच्या आणि वीज मंडळाचा उद्धार करायच्या.

घामाबरोबर वास आला. हेल्मेट आतून कुबटतं. रोज काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या द्रवानं आतून पुसायचं आणि पंख्याखाली पूर्ण कोरडं करायचं. आक्कांचा कुबट वासावर एकच उपाय, ऊन. त्या हेल्मेट घेऊन गच्चीकडे निघाल्या, बिबड्यांच्या शेजारी वाळत घालायला! सूनबाई जिन्यात आडवी आली. मेहरूणच्या गच्चीवर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. तिथं तापून ते प्लास्टिक वाकलं असतं, तर डोक्यानं कोणता आकार घेतला असता?

राहिला तो एक तास. २३ तास गेल्यावर उरलेला. आंघोळीचा, मालिशचा, लाडाचा, सगळा त्यात. सकाळी दहाला हेल्मेट उतरलं की आक्का, आबा, आत्या, सगळे रांगेत. आक्कांना त्या तासात टाळू भरायची होती. वाटी कोमट करून तयार. डॉक्टरांनी डोक्याला तेल, पावडर काही लावायचं नाही म्हणून सांगितलेलं. तेलकट कातडी कवचाखाली चिघळते. “टायू भरल्याबिगर कसं राह्यीन पोरगं?” मी म्हटलं, आक्का, टाळू तेलानं भरत नाही, हाडं वाढून आपोआप भरते, साधारण दीड वर्षापर्यंत. पटलं असं नाही. पण तह झाला: अंगाला तेल भरपूर, डोक्याला साबण-पाणी आणि कोरडा पंचा. मग आक्का काय करतात? डोक्याला ओठ लावून बसतात. पंचा झटकून होईपर्यंत तिथंच.

या सगळ्या त्रासाचं मोलही कुणीतरी मोजलंय. हॉलंडमध्ये मध्यम ते बऱ्यापैकी चपट्या डोक्याच्या ८४ बाळांवर एक चाचणी झाली, २०१४ साली ती प्रसिद्ध झाली. काहींना सहा महिने हेल्मेट, काहींना काहीच नाही. हेल्मेटवाल्या घरांत ९६ टक्क्यांनी कातडीची तक्रार केली, ७६ टक्क्यांनी वासाची, आणि ७७ टक्के आईबाप म्हणाले की पोराला कवटाळता येईना. त्याहून मोठी गोष्ट अशी की दोन वर्षांचं होईपर्यंत पूर्ण बरं होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं: हेल्मेटनं २६ टक्के, हेल्मेटविना २३.

हे मी आक्कांना सांगितलं आणि भिंतीपलीकडे शांतता झाली. “म्हंजे आमचे पैसे पान्यात गेले?”

सूनबाईनं ही चाचणी आधीच डॉक्टरांना दाखवली होती. त्यांचं उत्तर सरळ होतं. त्या चाचणीत फार तिरकी डोकी आणि मान आखडलेली मुलं घेतली नव्हती, आणि बऱ्याच जणांची हेल्मेटं नीट बसत नव्हती, असा आक्षेपही घेतला गेला. पण तिचा धडा खरा आहे: थोडंफार चपटं डोकं असेल तर व्यायाम आणि धीर पुरतो, हेल्मेटकडे धाव घ्यायचं कारण नाही. भैय्याचं डोकं बरंच तिरकं होतं आणि व्यायामानं हटलं नव्हतं, म्हणून त्यांनी ठरवलं. दुसऱ्या घरात दुसरं ठरेल.

गल्ली आता निवळली आहे. गुरुजी फक्त आपल्या टेबलाच्या कोपऱ्याला चिकटून आहेत. परवा टोकाच्या घरची आजी तीन महिन्यांची नात घेऊन आक्कांकडे आली, हेल्मेटचा पत्ता विचारायला. मी भिंतीशी होतेच. आक्कांनी पोरीला मांडीवर घेतलं, वरून डोकं पाहिलं, मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून पाहिली. दोन्हीकडे सहज वळली.

“हेल्मेट कशाले पाह्यजे तुले? आधी डॉक्टरले दाखव. जागी असली का पालथी घाल, समोर बस. झोपव पाठीवर. आज डोकं खिडकीकडे, उद्या दाराकडे. अन् झोपेना झाली का, ह्या आबाले बोलाव, केयीचे भाव सांगतीन.”

ती उठली, तशी आक्कांनी पदर धरून पुन्हा बसवली. “अन् राईची उशी शिवली का तू?”

“शिवली ना आक्का. दीड किलो राई गेली.”

“उसव. लोनच्याचे दिवस हायेत. आमची तर कधीच बरनीत गेली.”